एरंडीची पेंड, मे महिन्याचं ऊन आणि दारचं कुत्रं : वाचकांचे प्रश्न

या वेळी जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतली पत्रं घेतली आहेत. ‘जनावर ऐकत नाही, त्याला वळण कसं लावायचं?’ असा बहुतेकांचा सूर आहे. आमचं लक्ष मात्र आधी जागेकडे जातं. कुंडीत कोणतं खत घातलं, पाणी कुठे ठेवलं, कुंपणाला काय लावलं, यावर अर्धं उत्तर ठरतं. म्हणून जनावराला रागवण्याआधी अंगण एकदा त्याच्या उंचीवरून बघा.

प्रश्न : आमच्या दीड वर्षाच्या कुत्रीने गुलाबाच्या आळ्यात टाकलेलं खत उकरून खाल्लं. दुसऱ्या दिवशी उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू झाली. सलाईन लावल्यावर वाचली. पिशवीवर तर ‘शंभर टक्के सेंद्रिय’ लिहिलं होतं. मग असं का झालं? (जळगाव)

उत्तर : ताई, पिशवीच्या मागची बाजू वाचा. घटकांमध्ये ‘एरंडी पेंड’ असण्याची शक्यता फार मोठी आहे. एरंडीच्या बियांतून तेल काढलं तरी त्यातलं रायसिन हे विष तेलाबरोबर जात नाही. ते प्रथिन आहे, तेलात विरघळत नाही, म्हणून पेंडेतच राहतं. पेंड पुरेशी तापवली तर ते नष्ट होतं, पण खत म्हणून विकल्या जाणाऱ्या पेंडेवर ती प्रक्रिया झालेलीच असेल याची खात्री नसते. ‘सेंद्रिय’ हा शब्द एवढंच सांगतो की खत कारखान्यातल्या रसायनाचं नाही. ते बिनविषारी आहे असं तो सांगत नाही. त्यात अशा मिश्रणांत हाडांचा चुरा असतो आणि त्याच्या वासाने कुत्रं खेचलं जातं. म्हणजे आमिष आणि विष एकाच पिशवीत.

लक्षणं बहुधा ६ ते २४ तासांत दिसतात, कधी दोन-तीन दिवसांनीही. लाळ गळणं, उलट्या, पोटात कळा, रक्त पडणं, मग सुस्ती. या विषावर उतारा नाही, म्हणून सुरुवातीचे एक-दोन तास मोलाचे. खाताना दिसलं की लक्षणांची वाट न बघता पिशवीसकट डॉक्टरांकडे जा. पोट रिकामं करणं आणि कोळशाची पूड देणं हे त्याच वेळात उपयोगी पडतं. घरी मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका, मिठाचीच वेगळी विषबाधा होते. दूध किंवा तेलही पाजू नका. कुत्रं बरं दिसलं तरी तीन दिवस नजर ठेवा.

आता बाग. ज्या आळ्यांत पेंड घातली आहे त्यांची वरची तीन-चार इंच माती काढून कुत्र्याच्या आवाक्याबाहेर खोल पुरा. पुढे १२ इंची कुंडीला महिन्याला दोन मुठी गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत पुरतं. कीड असेल तर मूठभर लिंबोळी पेंड. ती कडू असते, कुत्री सहसा तोंड लावत नाहीत. मात्र ती सुटी घ्या, ‘मिक्स’ नको. उकरायची सवय असेल तर आळ्यात मातीखाली एक इंचावर एक इंच भोकांची कोंबडीजाळी आडवी अंथरा. नखं अडकली की कुत्रं आपोआप सोडून देतं. जाळीच्या कडा आत वळवायला विसरू नका, नाहीतर पंजा फाटतो.

एक जोड. आपल्याकडे कपाशीच्या कडेने सापळा पीक म्हणून एरंडी लावतात आणि नाल्याकाठी ती आपसूक उगवते. ठिपक्यांची ही बी पोरं खेळायला घरी आणतात. चावलेली बी पोरासाठीही तितकीच घातक, तेव्हा घरात येऊच देऊ नका.

प्रश्न : आमचा पाच वर्षांचा लॅब्रॅडॉर एप्रिलपासून दिवसभर धापा टाकतो. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत त्याच्यासाठी कूलर लावला आहे. त्याचे केस भादरावेत का? ऊन लागलं तर काय करायचं? (भुसावळ)

उत्तर : केस भादरू नका. लॅब्रॅडॉरच्या अंगावर दोन थर असतात. बाहेरचा थर ऊन अडवतो, आतली लोकर मात्र उन्हाळ्यात गळायला हवी. आठवड्यातून तीन-चार वेळा ती विंचरून काढा, एवढं पुरे.

पत्र्याच्या खोलीत त्याला ठेवणं बंद करा. भुसावळात पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा पत्र्याखाली त्याहून जास्त तापतं आणि कूलर तिथे हरतो. खालच्या मजल्यावर, उत्तरेकडच्या खोलीत किंवा न्हाणीजवळ शहाबादी फरशीवर त्याला जागा द्या. धाब्याचं जुनं घर असेल तर त्याहून चांगली जागा नाही. जाड मातीच्या छताखाली दुपारीही फरशी गार राहते. कूलरमागची खिडकी उघडी आणि समोरचं दार थोडं उघडं हवं. बंद खोलीत ओल साठते आणि कुत्र्याला धापेतून अंग गार करता येत नाही, कारण त्याची सगळी भिस्त जिभेवरच्या ओलाव्याच्या वाफेवर असते. म्हणूनच कोरड्या मे महिन्यात कूलर उत्तम चालतो आणि जूनमध्ये पावसाआधी हवा दमट झाली की तोच कूलर कुचकामी ठरतो. त्या पंधरवड्यात नुसता जोराचा पंखा आणि ओलं अंग बरं.

पाणी दोन जागी, मातीच्या पसरट भांड्यात ठेवा आणि दुपारी बारा व चारला बदला. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं, ते भांड्यात ओतू नका. फिरायला सकाळी साडेसहाच्या आत न्या. संध्याकाळी सूर्य मावळल्यावर तास-दीड तास थांबा. डांबरी रस्त्यावर हाताची उलटी बाजू सात सेकंद टेकवा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही.

उष्माघाताची खूण अशी : जीभ गडद लाल किंवा जांभळट, लाळ घट्ट आणि चिकट, मागचे पाय लटपटतात, हाक मारली तरी नजर लागत नाही. नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०४ च्या पुढे धोका सुरू होतो, १०६ म्हणजे जिवावर बेतलेलं. सावलीत आडवं करा आणि माठाचं, हौदाचं, जे गार पाणी हाताशी असेल ते पोट, जांघा, काखा आणि मानेवर सतत ओता. पंखा लावा. नळीचं पाणी वापरणार असाल तर पहिलं तापलेलं पाणी आधी वाहू द्या. बर्फ शोधण्यात वेळ घालवू नका. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवणं ही नेहमीची चूक, कारण काही मिनिटांत टॉवेल तापतो आणि आतली उष्णता कोंडते. गुदद्वारात थर्मामीटर लावून बघत राहा, १०३ वर आलं की पाणी थांबवा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. आणि उठून शेपूट हलवायला लागला तरी दवाखान्यात न्या. मूत्रपिंड निकामी होणं किंवा रक्तस्राव हे परिणाम एक-दोन दिवसांनी उघडे पडतात.

प्रश्न : कुत्रा रोज तुळशीपाशी पाय वर करतो. दोन तुळशी जळाल्या. (नंदुरबार)

उत्तर : मूत्रातला नत्र आणि क्षार एका जागी साठून मुळं जळतात. तुळस तीन फूट उंच ओट्यावर न्या. कुत्र्यासाठी अंगणाच्या कोपऱ्यात उभा दगड किंवा लाकडाचा ओंडका रोवा आणि पहिले काही दिवस त्याचंच थोडं मूत्र लागलेलं फडकं त्यावर चोळा. झाडावर पडलंच, तर लगेच बादलीभर पाणी ओता.

प्रश्न : आठ गावरान कोंबड्या आणि एक परसबाग. मेथी-पालक उगवला की कोंबड्या उकरून टाकतात. कोंबड्या बंद ठेवल्या की अंडी कमी होतात. दोन्ही कसं साधायचं? (सावदा)

उत्तर : साधतं, भाऊ, आणि चांगलं साधतं. कोंबडी उकरणार, तो तिचा धर्म आहे. तिला उकरायला योग्य वाफा योग्य वेळी मिळाला की तीच तुमची कोळपणी करते.

बागेचे चार वाफे करा. एकाची भाजी संपली की कोंबड्या त्यात ८-१० दिवस सोडा. त्या तण, अळ्या आणि सुरवंटाचे कोष वेचतात, माती भुसभुशीत करतात आणि वर खत टाकतात. नंतर वाफा महिनाभर मोकळा ठेवून पाणी द्या आणि मग पेरा. ताजी विष्ठा तीव्र असते, कोवळी रोपं करपतात. खुराड्यातली विष्ठा भुश्शासकट खड्ड्यात दोन-तीन महिने कुजवूनच वापरा. पालेभाजी कच्ची खाणार असाल तर ही शिस्त पाळाच.

नव्या पेरणीवर विटांच्या आधाराने कोंबडीजाळी आडवी टाका. रोपं सात-आठ इंचांची झाली की काढा. वांगी, मिरची, भेंडी फूटभर वाढल्यावर कोंबड्या खालून फिरल्या तरी फारसं बिघडत नाही, फक्त बुंध्याशी दगड मांडा. कुंपण पाच फुटांचं हवं, गावरान कोंबडी चार फूट सहज उडते. उडणं थांबवायचं तर एकाच पंखाची टोकाकडची लांब आठ-दहा पिसं निम्मी कापा. तोल जातो म्हणून उडत नाही. दोन्ही पंख कापले तर तोल राहतो आणि ती उडायला बघतेच. जुनी पिसं झडून नवी आली की पुन्हा कापावी लागतात. नवं पीस वाढताना त्यात रक्त असतं, असं गडद देठाचं पीस कापू नका.

आठ पक्ष्यांना चार बाय पाच फुटांचं खुराडं पुरतं. आत दोन इंच रुंद, कडा गोल केलेली लाकडी पट्टी बसायला, दर पक्ष्याला आठ इंच जागा धरून. अंड्यांसाठी एक फुटाची दोन खोकी. जाळी अर्ध्या इंचाची घ्या. एक इंचाच्या भोकातून साप येतो आणि मुंगसाचं पिल्लूही. जाळी जमिनीत फूटभर गाडा. दोन फूट लांब-रुंद खड्ड्यात वाळू आणि गोवऱ्यांची चाळलेली राख ठेवा. कोंबड्या त्यात लोळतात आणि उवा कमी होतात.

आता खान्देशात विशेष घडणाऱ्या तीन गोष्टी. पहिली, पेरून उरलेलं कपाशीचं किंवा मक्याचं बियाणं. त्यावरचा गुलाबी, लाल वा निळा रंग म्हणजे औषधाचा लेप आहे. ते धुऊनही कोंबड्यांना घालू नका आणि रिकामी पाकिटं अंगणात टाकू नका. दुसरी, सरकीची ढेप. गाय ती पचवते. कोंबडीला मात्र त्यातल्या गॉसिपॉल या विषारी घटकामुळे त्रास होतो, अंडी घटतात आणि साठवलेल्या अंड्यांचा बलक हिरवट-तपकिरी पडतो. तिसरी, शेजारच्या शेतातली फवारणी. त्या दिवशी कोंबड्या आत ठेवा आणि उघडं पाणी बदला.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस चुकवू नका. पिल्लाला ५ ते ७ दिवसांचं असताना लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस टोचून. लस बर्फात आणा आणि उघडल्यावर दोन तासांत संपवा. गरम झालेली लस टोचली काय, न टोचली काय, सारखंच. अंडी कमी होण्याचं बंदिस्तपणा हे एकच कारण नसतं. दिवस लहान झाला की अंडी घटतात, आणि शिंपल्याचा चुरा मिळत नसेल तर कवच पातळ होतं. चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, लागेल तेवढा त्या खातात.

प्रश्न : फ्लॅटच्या बाल्कनीत तीसेक कुंड्या आणि दोन मांजरं. कोणती झाडं काढावीत? मांजरं कुंडीत घाणही करतात. (धुळे)

उत्तर : लिली आज काढा. एशियाटिक, ईस्टर जातीच्या लिलीचं पान, फूल, अंगावर पडलेले परागकण चाटले, इतकंच काय फुलदाणीतलं पाणी प्यायलं, तरी मांजराचं मूत्रपिंड दोन-तीन दिवसांत बंद पडतं. यात ‘थोडंसं चालतं’ असं काही नाही. तिच्यानंतर कण्हेर, पिवळी बिट्टी, पानफुटी यांचा नंबर, कारण त्यांचा परिणाम हृदयावर होतो. कळलावीचा कंद आणि धोतराही नको. सायकस ताडासारखा दिसतो, पण त्याची बी यकृत निकामी करते. मनीप्लांट, डिफेनबेकिया, अळू यांनी तोंडाची आग होते, लाळ गळते, जीव सहसा जात नाही. ते टांगून ठेवले तरी चालेल. गुलाब, मोगरा, जास्वंद, तुळस बिनधास्त ठेवा.

मांजराला हिरवं चावायचंच असतं, म्हणून तिला तिची कुंडी द्या. पसरट भांड्यात मूठभर गहू पेरा, आठ-दहा दिवसांत वीतभर गवत मिळतं. बाजारचं लेप लावलेलं बियाणं नको, घरातले खायचे गहू घ्या.

कुंडीतली घाण थांबवायला मातीवर लिंबाएवढे गोटे दाटीने मांडा. आणि दोन मांजरांना तीन ट्रे हवेत, प्रत्येकात दोन-तीन इंच वाळू. विष्ठा रोज काढा. तिच्यातले टोक्सोप्लाझ्माचे (गर्भाला घातक) जंतू बाहेर पडल्यापासून साधारण एक ते पाच दिवसांनी संसर्गक्षम होतात, त्यामुळे रोजची सफाई हाच खरा बचाव. घरात गर्भवती असेल तर ट्रे दुसऱ्याने साफ करावा आणि कुंड्यांत काम करताना हातमोजे घालावेत.

प्रश्न : घरामागे दोन शेळ्या आहेत. कुंपणाला बेशरम आहे, शेळ्या तीच खातात. यंदा पावसाने ताण दिला म्हणून खोडव्याची (कापणीनंतर पुन्हा फुटलेली) ज्वारी चारायचा विचार आहे. (शिरपूर)

उत्तर : दोन्हीपासून दूर राहा. बेशरमचा परिणाम एका दिवसात दिसत नाही, म्हणून लोक तिला निर्धोक मानतात. आठवड्यानुआठवडे खाल्ली की शेळीच्या मज्जातंतूंमध्ये बिघाड होतो. चाल डगमगते, मान थरथरते, अंग वाळत जातं. आणि शेळीला तिची चटक लागते, समोर चांगला पाला असला तरी ती बेशरमकडे धावते. लवकर थांबवलं तर शेळी सुधारते, उशीर झाला तर डगमग कायमची. कुंपण मुळासकट काढा. मेंदी लावा, तोवर बोरी-बाभळीचे काटे टाका.

ज्वारीचं विष याउलट मिनिटांत मारतं. कोवळ्या पोंग्यांत, आणि पाण्याच्या ताणाने खुरटलेल्या ताटांत, सायनाइड तयार करणारा घटक फार असतो. ताणानंतर पाऊस पडून जे फुटवे येतात ते सर्वांत वाईट, वर युरिया पडला असेल तर आणखी. गुडघ्याएवढी ज्वारी चारू नका. ५०-६० दिवसांनंतर, फुलोऱ्यात आलेली ज्वारी कापून, सुकवून, कुट्टी करून आणि कडब्यात मिसळून द्या. वाळलेल्या दादर ज्वारीच्या कडब्याला ही भीती जवळजवळ नसते. उपाशी शेळी शेतात कधीच सोडू नका, घाईने पोट भरते आणि तिथेच पडते.

धाप, तोंडाला फेस, डोळ्यांच्या आतली त्वचा लालभडक, झटके : एवढं दिसलं की १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलवा, जवळचा डॉक्टर असेल तर आधी त्याला. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून वेळेत गेलं तर जनावर उठतं. फोनवरच ‘कोवळी ज्वारी खाल्ली’ असं सांगा म्हणजे ते औषध घेऊन निघतील.

प्रश्न : हिवाळ्यात भरिताची पार्टी झाली की उरलेलं भरीत आणि भाकरी गल्लीतल्या कुत्र्यांना घालतो. चालेल ना? (चाळीसगाव)

उत्तर : भाकरी घाला, भरीत नको. त्यात कांद्याची पात आणि लसूण असतो, शिजवल्यानेही त्यांचा दोष जात नाही. कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. १० किलोच्या कुत्र्याला १५० ग्रॅम कांदा एकदम गेला तर धोका, आणि रोज थोडा थोडा गेला तरी तोच परिणाम. तीन-पाच दिवसांनी हिरड्या पांढुरक्या आणि लघवी कॉफीसारखी दिसते. मांजराला याच्या तिसऱ्या हिश्श्यातही बाधतं. बिनफोडणीच्या वरणात कुस्करलेली दादरची भाकरी आणि वर उकडलेलं अंडं, हे त्यांना खरंच लागतं.

प्रश्न : कुत्र्याच्या गोचिडी काढतो, पुन्हा होतात. कपाशीवरचं औषध पाण्यात घालून आंघोळ घालावी असं सांगतात. (अमळनेर)

उत्तर : नको, अजिबात नको. शेतातलं औषध कातडीतून शिरतं. कुत्र्याला झटके येतात, आणि आंघोळ घालणाऱ्यालाही ते बाधतं.

पुन्हा होतात कारण तुम्ही कुत्र्यावरच्या गोचिडी मोजता, भिंतीतल्या नाही. पोट भरलेली मादी अंगावरून उतरते, उंच भेगेत शिरते आणि हजारोंनी अंडी घालते. संध्याकाळी बॅटरी घेऊन दाराची चौकट, पलंगाचे सांधे, कुत्र्याच्या जागेमागची भिंत बघा. मोहरीएवढे तपकिरी ठिपके दिसतील. मातीच्या भिंतीच्या भेगा चुना-सिमेंटने बुजवा. गोणपाट जाळा, धुण्याजोगं अंथरूण उकळत्या पाण्यातून काढा. पऱ्हाट्यांचा ढीग भिंतीपासून लांब रचा.

अंगावरची गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. रॉकेल लावू नका, बोटाने चिरडू नका, तिच्या पोटातल्या रक्तात रोग असू शकतो. वजनानुसार तोंडाने द्यायच्या गोळ्या मिळतात, त्या डॉक्टरांकडून घ्या. घरात मांजर असेल तर कुत्र्याच्या मानेवर टाकायचं परमेथ्रिनचं औषध आणूच नका. मांजर कुत्र्याला चाटतं आणि आचके देत मरतं. पोटात घ्यायचं आयव्हरमेक्टिनही अंदाजाने देऊ नका, कोली जातीच्या रक्ताच्या कुत्र्यांना ते मेंदूत चढतं.

अंड्यातून निघालेली पिल्लं भिंतीत महिनोनमहिने उपाशी तग धरतात. म्हणून गोळ्या निदान तीन महिने, दर वेळी तारीख न चुकवता द्या, अंगावर एकही दिसत नसली तरी. मधेच ताप, नाकातून रक्त किंवा खाणं बंद झालं तर रक्ताची तपासणी त्याच दिवशी करून घ्या. गोचीडतापाला डॉक्सिसायक्लिन तीन-चार आठवडे चालतं, आणि चौथ्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागलं म्हणून ते थांबवलं की ताप परत येतो.